बाँडवरचा चुकलेला आकडा

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "ताई, करारावर चेसिस नंबर चुकलाय. सह्या झाल्यात, नोटरी झाली, तीन लाख देऊनही झाले. आता गं काय करू?" मी लगेच फोन केला, पण तू इतकी रडवेली झाली होतीस की माझं निम्मं बोलणं तुझ्या डोक्यावरून गेलं असणार. म्हणून आज सगळं सावकाश लिहून पाठवते. चहा घे, पंख्याखाली बस आणि एकदा शेवटपर्यंत वाच.

पहिली गोष्ट. काही बुडालेलं नाही. गाडी तुझ्या दारात उभी आहे, विकणारा माणूस संगमनेरातच आहे, त्याचा फोन लागतो आहे आणि चूक तुझ्याच डोळ्यांना दिसली आहे. कागदावरची चूक आरटीओच्या टेबलावर सापडण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या ओट्यावर सापडलेली केव्हाही बरी.

दुसरी गोष्ट, आणि ही ऐकच माझी. त्या कागदाला पेन लावू नकोस. व्हाइटनर तर मुळीच नको. तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव, त्याच्या प्रत्येक पानाचा मागून-पुढून फोटो काढ आणि मूळ प्रत कपाटात ठेवून दे.

एवढं ठासून का सांगते आहे? कारण मी पेन लावलं होतं. आमची पहिली गाडी जुनीच होती, राहुरीकडच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. टायपिंगवाल्याने करारात उत्पादनाचं वर्ष दोन वर्षांनी मागचं टाकलं. मी घरी आल्यावर माझ्या प्रतीतला तो आकडा अगदी सुबक अक्षरात दुरुस्त केला आणि मला वाटलं, झालं काम. पुढे कर्जासाठी पतसंस्थेत गेलो, तिथल्या साहेबांनी माझी प्रत आणि विकणाऱ्याची प्रत शेजारी-शेजारी ठेवली. दोन प्रतींत दोन वर्षं. "ही खाडाखोड कुणी केली?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला. मी खरंच लिहिलं होतं, पण एकटीने लिहिलं होतं. विकणारे गृहस्थही बिचकले, त्यांना वाटलं मी आणखी काही बदललं असेल. ते सगळं निस्तरायला दोनदा राहुरीला जावं लागलं. सह्या झालेल्या कागदात एका बाजूने परस्पर बदल केला की चूक राहते बाजूला, अख्खा कागदच संशयात येतो. तुझ्यावर ती पाळी यायला नको.

आता कामाला लागू. आरसी, विम्याची पॉलिसी, तुमचा करार आणि दोघांची आधार कार्डं टेबलावर काढ. शेजारी कोरा कागद घे. एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने बोट ठेवून बघायचं. तुझ्या जाऊबाईंना बसव ना सोबत, त्यांचं अक्षरावर लक्ष चांगलं आहे. सापडलेली चूक कोऱ्या कागदावर लिहायची, करारावर नाही. एक चूक सापडली म्हणून तिथेच थांबू नकोस. ज्या टायपिंगवाल्याने चेसिस नंबर चुकवला त्याने आणखी काही चुकवलं असणारच. एकदाच काय ती पूर्ण यादी कर, म्हणजे संगमनेरच्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलवावं लागणार नाही.

चेसिस नंबर आधी बघ. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. म्हणजे तुमच्या करारात जिथे ओ टाइप झालेला दिसतो तिथे शून्यच असला पाहिजे. सुरुवातीची तीन अक्षरं कंपनी सांगतात. मारुतीचा नंबर बहुधा एमए३ ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने, ह्युंदाईचा एमएएल ने. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर दोन्ही जुळवून बघ. गाडीवरचा नंबर कुठे ठोकलाय ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. टॉर्च घेऊन बघ आणि फोटो काढ. हे वरवरचं काम नाही गं. करारातला नंबर आरसीशी जुळत नसेल तर तू नेमकी कोणती गाडी विकत घेतलीस हेच कागद सांगू शकत नाही. आणि आरसीवरचाच नंबर गाडीशी जुळला नाही, तर मग ती टायपिंगची चूक उरत नाही. तिथे पैसे थांबव आणि मला फोन कर.

नोंदणी क्रमांकाकडेही लक्ष दे. संगमनेरची गाडी म्हणजे एमएच १७, श्रीरामपूरच्या कार्यालयाची. नगरमधल्या टायपिंगवाल्यांच्या हाताला एमएच १६ ची इतकी सवय असते की सतराचं सोळा कधी होतं ते त्यांनाही कळत नाही. तुझ्या फोटोत दुसऱ्या पानावर मला तेच दिसलं. पहिल्या पानावर १७, दुसऱ्यावर १६. हे यादीत घाल.

खरं सांगू का, अशा करारांतल्या बहुतेक चुका जुन्या मजकुरामुळे होतात. कोर्टाच्या आवारात किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या माणसाकडे एकच तयार फाइल असते. कालच्या गिऱ्हाइकाचं नाव काढायचं, आजच्याचं घालायचं, की झाला करार. पहिल्या परिच्छेदात नाव बदलतं आणि पाचव्यात कालचंच राहून जातं. कधी दुसऱ्याच गाडीचा इंजिन नंबर राहतो, कधी गेल्या महिन्याची तारीख. सगळ्यात घातक अदलाबदल होते ती "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" यांची. तू गाडी घेतली आहेस, म्हणजे तू लिहून घेणार. ताब्यानंतरची जबाबदारी तुझी, हे बरोबरच आहे. पण तुझ्या करारातलं सहावं कलम पुन्हा वाच बरं. "ताब्यापूर्वीची सर्व चलने, दंड व कराची बाकी लिहून घेणार यांनी भरावी" असं तिथे आहे. म्हणजे त्या माणसाने गेल्या चार वर्षांत जे सिग्नल तोडले असतील त्यांचे पैसे तू भरायचे! एका अक्षराचा फरक आहे, "देणार"च्या जागी "घेणार". हा चेसिस नंबरच्या बरोबरीने दुरुस्त करायचा.

नावाचंही बघू. तुझ्या आधारवर सासरचं नाव आहे, पॅन कार्डावर अजून माहेरचं, आणि करारात टायपिंगवाल्याने सासरचं आडनाव घालून मधलं नाव वडिलांचं ठेवलं. आपल्या बायकांच्या नशिबी ही नावांची भेळ कायमचीच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण आरसी आधारप्रमाणे व्हायची असते. म्हणून करारातलं नाव आधारप्रमाणे करून घे आणि पॅनचं काम या दिवाळीआधी उरकून टाक. मी हे तुला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीलाही सांगितलं होतं.

पत्त्यात विकणाऱ्याचा जिल्हा अहमदनगर आणि तुझा अहिल्यानगर लिहिलाय, त्यावरून तू घाबरली होतीस. ती चूक नाही गं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, त्याची आरसी त्याआधीची आहे, तिच्यावर जुनंच नाव असणार. जिल्हा एकच आहे. दुरुस्तीच्या कागदात "अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)" असं लिहून घे आणि यादीतून हे काढून टाक. "मोटार"च्या ऐवजी "मोटर", किंवा "रंग पांढरा"च्या ऐवजी "पाढंरा", असल्या शुद्धलेखनासाठीही झोप उडवू नकोस.

रक्कम मात्र नीट बघ. अंकात ४,३०,००० आणि अक्षरी "तीन लाख चाळीस हजार" झालंय, तूच पाठवलंस मला. चेकवर असं झालं तर कायदा अक्षरी रक्कम धरतो. करारात वाद झाला तर वकील भांडत बसतील आणि तू तारखा घेत बसशील. त्यापेक्षा दोन्ही ठिकाणी एकच रक्कम करून घे. किती दिले, कोणत्या तारखेला, बँकेतून की रोख, आणि बाकी किती, हेही त्याच ओळीत यायला हवं. तीन लाख तू बँकेतून पाठवलेस, त्याचा व्यवहार क्रमांक तिथे घाल. हे तू छान केलंस बघ, रोख दिले नाहीस.

आता तुझा मोठा प्रश्न. सही केली म्हणजे बांधली गेले का? हो, बांधली गेलीस, पण कशाला, ते समजून घे. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. तो सांगतो की दोघांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने होकार दिला पाहिजे. तुम्ही दोघांनी अंगणात उभ्या असलेल्या त्या एकाच गाडीला होकार दिला होता, किंमतही दोघांच्या मनात एकच होती. कागदाने ते चुकीचं उतरवलं, एवढंच. दोघं मिळून करारात बदल करू शकतात, हेही त्याच कायद्यात आहे. आणि एखादा अडूनच बसला, तर दोघांच्या समान चुकीने कागद खरा हेतू सांगत नसेल तेव्हा तो न्यायालयाकडून दुरुस्त करून घेण्याची सोय १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात आहे. तिथवर जावं लागणार नाही तुला. मी फक्त दार कुठे आहे ते दाखवते आहे, कारण दार आहे हे माहीत असलं की माणूस शांतपणे बोलतो. मात्र "मी न वाचताच सही केली" हे कारण कुठे सांगत बसू नकोस. ते कुणी ऐकत नाही. आणि चूक एकट्या तुझ्याच समजुतीची असेल, म्हणजे समज तुला वाटलं होतं की नवे टायर टाकून मिळतील पण तसं कुणी बोललंच नव्हतं, तर ती दुरुस्ती मागता येत नाही. ती विनंती असते.

विकणाऱ्याशी बोलताना तुझी गाडी अडते ते मला माहीत आहे. "त्यांना राग आला तर? ते म्हणाले, आता सौदा झाला, मी काही येत नाही तर?" बघ, ही दुरुस्ती त्यांनाही तितकीच हवी आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरसीवर ज्याचं नाव तो मालक. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकामागून एक हातांत विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली, जरी गाडी त्याच्याकडून कधीच गेली होती. म्हणजे चुकीच्या नंबरामुळे तुझं ट्रान्सफर अडकलं, तर त्या माणसाच्या डोक्यावर टांगती तलवार राहते. हे त्यांना धमकी म्हणून सांगायचं नाही, काळजी म्हणून सांगायचं. मी स्वतः एकदा स्कूटर विकून ट्रान्सफरचा पाठपुरावा केला नव्हता. सात महिन्यांनी माझ्या फोनवर दंडाचं चलन आलं तेव्हा तो प्रकार माझ्या चांगलाच अंगाशी आला.

आधी फोन कर, मग लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव. फोनवर माणूस नरम होतो आणि लेखी मेसेज पुरावा म्हणून राहतो. असं लिही: "दादा नमस्कार. आपल्या करारात टायपिंगच्या काही चुका राहिल्या आहेत, फोटो पाठवते आहे. गाडी माझ्या नावावर वेळेत व्हावी आणि पुढे तुम्हाला काही त्रास होऊ नये म्हणून दुरुस्तीचा एक कागद करू. खर्च मी करते. तुम्हाला सोमवार सोयीचा की मंगळवार?" खर्च तू कर. चूक टायपिंगवाल्याची असली तरी कर. पाचशे-हजारावरून माणूस तुटेपर्यंत ताणू नये. आणि "येणार का" असं न विचारता "सोमवार की मंगळवार" असं विचार.

कागद कसा करायचा तेही सांगते. चूक अगदी एखादीच असेल, तर दोघांनी एकत्र बसून दोन्ही मूळ प्रतींवर चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं आणि तिथेच दोघांच्या सह्या, तारीख, शक्यतो त्याच साक्षीदारांच्याही सह्या. पण तुझ्या यादीत चेसिस नंबर आहे, रक्कम आहे, देणार-घेणार आहे. एवढं रेघा मारून करू नकोस. वेगळा पुरवणी करार कर. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे शंभर-दोनशेच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा घ्यावा लागतो, तेवढे पैसे बरोबर ठेव. मजकूर लांबलचक नको. "दिनांक अमुक रोजी आमच्यात झालेल्या वाहन विक्री करारातील परिच्छेद ३ मध्ये चेसिस क्रमांक नजरचुकीने अमुक असा लिहिला गेला आहे, तो तमुक असा वाचावा" असं एकेका चुकीचं एकेक वाक्य. शेवटी "मूळ कराराच्या बाकी सर्व अटी जशाच्या तशा कायम राहतील व हा कागद मूळ कराराचा भाग समजावा." प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि जमलं तर आधी नोटरी केली होती त्याच वकिलांकडे नोटरी. मूळ कराराला तो टाचून ठेवायचा. दोघांना एकेक प्रत.

या वेळी मात्र सही करण्याआधी टायपिंगवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बस. तो घाई करेल, मागे लोक उभे असतील, कुणी तरी सुस्कारे टाकेल. टाकू दे. सतरा अक्षरं एकेक करून मोठ्याने वाच. लग्नात जेवणाच्या पंगतीत वाढपी पुढे जाऊ नये म्हणून आपण हाक मारतोच ना, मग इथे कसली भीड?

तोवर उरलेले एक लाख तीस हजार देऊ नकोस. "कागद दुरुस्त झाला की त्याच दिवशी पाठवते" असं लेखी सांग आणि शब्द पाळ. ट्रान्सफरच्या फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, कोऱ्या सह्या करून एजंटकडे दिल्या असशील तर ते आधी परत माग. कोऱ्या जागेत एजंट करारातलाच चुकीचा नंबर उतरवणार. मुदतीचंही लक्षात ठेव. गाडी राज्यातल्या राज्यात विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करून घ्यायची असते. विमा तुझ्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत गेला पाहिजे. आज तुझा पाचवा दिवस आहे, म्हणजे वेळ आहे, पण पुढच्या रविवारपर्यंत ढकलायला नाही. विम्याबाबत एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्यांची सवलत त्यांच्याबरोबर जाते, तुला फरकाची रक्कम भरावी लागेल. करारात "विमा सर्व लाभांसह हस्तांतरित" असं लिहिलं असलं तरी ते होत नाही. ही चूक दुरुस्त करायची गरज नाही, पैसे बाजूला काढून ठेव म्हणजे झालं.

ताब्याची वेळही करारात नाही. दिवस आहे, वेळ नाही. दुरुस्तीत ती घालून घे, मीटरवरच्या किलोमीटरसकट. सकाळी अकराला गाडी त्यांनी चालवली आणि दुपारी तीनला तुम्ही, मधे काही झालं तर तीच ओळ कामाला येते.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे वाच. चूक आणि खोटं यांत फरक असतो. चेसिसचा एक आकडा चुकला ही चूक. पण करारात "वाहनावर कोणताही बोजा नाही" असं लिहिलं आणि आरसीवर बँकेचं नाव असलं, तर ती टायपिंगची चूक नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघ, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, चलनं किती बाकी आहेत. बोजा दिसला तर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय एक पैसाही पुढे द्यायचा नाही. कायदा खोट्या माहितीवर झालेला करार मोडण्याची मुभा देतो, पण साध्या चौकशीत जे कळलं असतं ते तुम्ही का बघितलं नाही, असाही प्रश्न तो काही वेळा विचारतो. म्हणून आजच बघ.

गोव्यातला एक खटला मला नेहमी आठवतो. एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून गाडी विकली गेली आणि प्रत्यक्षात मिळाली २००९ ची, वर आधीच ६२२ किलोमीटर चाललेली. त्याने ती स्वीकारायला नकार दिला आणि ग्राहक मंचात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, २०२१ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या कंपनीला, टाटा मोटर्सला, जबाबदार धरलं नाही, कारण कंपनी आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र व्यावसायिक होते आणि विक्रेत्याच्या बोलण्यात कंपनीचा हात असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. जबाबदारी विक्रेत्यावर राहिली. मला यातून दोन गोष्टी पटल्या. ज्याच्याशी आपण कागद केला त्यालाच धरायचं, मोठ्या नावाच्या मागे धावायचं नाही. आणि चूक दिसल्याबरोबर लेखी हरकत घ्यायची, गाडी वापरत वापरत कुरकुरत बसायचं नाही.

तुझा माणूस खासगी आहे, म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता तुझ्यासाठी नाही. तो धंदा करणाऱ्या विक्रेत्यांविरुद्ध असतो. पण तुझ्या नणंदेने सावेडीत नवी गाडी बुक केली आहे ना, तिला हे सांग. शोरूमने बुकिंगच्या कागदात चूक केली आणि दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं. तिला म्हणावं, बुकिंगच्या फॉर्मवर मॉडेल, प्रकार, रंग, उत्पादनाचा महिना आणि वर्ष हे सगळं लिहिलेलं आहे का बघ. नुसतं "पांढरी, टॉप" असं लिहिलेला फॉर्म मी पाहिलाय. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नसते, तो आकडा न विचारता जोडलेला असेल तर काढायला सांग. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस तिच्या पॅनवर जमा होतो, पॅनचं एक अक्षर चुकलं तर तो पैसा तिच्या विवरणपत्रात दिसणार नाही. आणि "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" ही ओळ बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरांत असते. तिला ती चूक वाटेल, पण ती अट आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा आधी बुक केलेल्यांना याच ओळीने स्वस्तात गाडी मिळवून दिली. उलटही होऊ शकतं. शोरूमने आरटीओकडे नोंदणीची माहिती पाठवण्याआधी ती स्क्रीनवर दाखवायला सांगायची. आरसी छापून आल्यावर नाव बदलायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी आणि पुन्हा वाट.

समजा तुझा विकणारा खरोखरच आला नाही. मला वाटत नाही तसं होईल, फोनवर त्यांचा सूर सभ्य होता म्हणालीस. तरी सांगून ठेवते. आठ दिवस वाट बघ, मग सगळ्या चुका लिहून स्पीड पोस्टाने पत्र पाठव, पावती जपून ठेव. तरीही नाही झालं तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न किती ते न विचारता. त्यांचा फोन नंबर १५१००. हे कितीतरी जणींना माहीतच नाही. वकिलाची फी कुठून आणू म्हणून बायका चुकीच्या कागदांवर वर्षानुवर्षं गप्प बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस. बचत गटाचे हिशोब सात वर्षं सांभाळतेस, रुपयाचाही फरक पडू देत नाहीस. त्याच डोळ्यांनी हा कागद बघ.

सोमवारी मी मोकळी आहे. बसने येऊ नकोस, गाडीच घेऊन ये, म्हणजे नंबर पुन्हा बघता येईल. मूळ करार, आरसी, दोघांच्या आधारच्या प्रती, बँकेच्या व्यवहाराचा कागद आणि तुझी यादी बरोबर ठेव. आपण दोघी जाऊ कोर्टाच्या आवारात. काम झालं की त्या टायपिंगवाल्याला मला एक सांगायचं आहे, तुझा मजकूर पुसून फाइल कोरी करून ठेव म्हणून. पुढच्या बाईच्या करारात तुझ्या गाडीचा चेसिस नंबर जायला नको.